अपस्माराची औषधे असलेली बॅग गेटवर काढून घेतल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
विमान कंपनीचे मुंबई कार्यालय

विषय : मुंबई–दुबई प्रवासात मुलाची औषधे हातातून काढून घेतल्याबाबत.

महोदय,

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला अपस्मार (फीट येण्याचा आजार) आहे. छत्रपती संभाजीनगर येथील मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तो सोडियम व्हॅल्प्रोएटचे पातळ औषध आणि क्लोबाझामच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेतो. क्लोबाझाम संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडत असल्यामुळे तेथील आरोग्य मंत्रालयाची ऑनलाइन परवानगी आम्ही परभणीहून निघण्यापूर्वीच काढली होती. मूळ वेष्टनातील औषधे, डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी आणि परवानगीची प्रत एकाच लहान बॅगेत होती. बाटली 100 मिलीपेक्षा मोठी असूनही सुरक्षा तपासणीत चिठ्ठी पाहून ती सोडण्यात आली.

अडवणूक झाली ती आपल्या बोर्डिंग गेटवर. वरचे कप्पे भरल्याचे सांगून आपल्या कर्मचाऱ्याने बॅगेला टॅग लावला. आत मुलाची फीटची औषधे आहेत, निदान तेवढा डबा काढून घेऊ द्या, असे म्हणत मी चेन उघडत असतानाच त्यांनी बॅग ओढून घेतली आणि ती दुबईत विमानाच्या दाराशी मिळेल असे सांगितले. ती दाराशी मिळाली नाही आणि पट्ट्यावरही आली नाही.

भारतातील रात्री आठचा डोस दुबईच्या घड्याळाप्रमाणे साडेसहाला द्यायचा होता, आणि ती वेळ सामान हरवल्याची नोंद करण्याच्या रांगेतच टळून गेली. औषध बाहेर कुठेही मिळेल, असे आपल्या तेथील प्रतिनिधीने सांगितले. ते चुकीचे होते, कारण भारतातील चिठ्ठीवर नियंत्रित गोळी तेथील औषध दुकानदार देत नाही, त्यासाठी तेथील डॉक्टरांचीच चिठ्ठी लागते. ही औषधे एकाएकी बंद झाली तर झटके येण्याचा, आणि ते न थांबण्याचाही, धोका असतो. पहाटे मुलाचा डावा हात आखडला, दात घट्ट मिटले आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. कित्येक महिन्यांनी त्याला फीट आली होती. बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली.

मराठवाड्यातून रात्रभर रेल्वेने येऊन मुंबईत विमान पकडणारी आमच्यासारखी कुटुंबे औषधे मोठ्या सामानात न टाकता हातात ठेवतात, ती याच भीतीने. म्हणून गेटवर कोणाचीही बॅग घेण्यापूर्वी तीत औषधे आहेत का हे विचारण्याची आणि ती काढून घेऊ देण्याची लेखी सूचना आपण सर्व कर्मचाऱ्यांना द्यावी, व तिची प्रत मला पाठवावी, ही माझी मुख्य मागणी आहे. रुग्णालयाचा व औषधांचा खर्चही मिळावा. सामानाच्या विलंबाबाबत आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या 1999 च्या माँट्रियल करारात दिलेल्या 21 दिवसांच्या मुदतीतच मी हे पत्र पाठवत आहे. समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास केंद्र सरकारच्या एअरसेवा या विमानप्रवास तक्रार पोर्टलवर आणि परभणी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, परवानगी, बॅगेचा टॅग, विमानतळावरील नोंद व रुग्णालयाची बिले यांच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
तिकीटधारक प्रवासी व मुलाची आई,
परभणी