पोटाच्या आजाराचा आकडा कसा विचारला, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या माणसांमध्ये पोटाचे विकार किती, यावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. टक्केवारी होती, पण ती कुणाला काय विचारून मिळाली याबद्दल अवाक्षर नव्हते. आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावली घेऊन मी अकरा वर्षे घरोघर फिरले आहे, म्हणून हे पत्र.

एका घरी पन्नाशीच्या गृहस्थांनी बायको, मुलगा आणि सून यांच्यासमोर माझ्या सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हटले. पोट फुगते? नाही. वारंवार जुलाब? नाही. मी खुणा केल्या आणि निघाले. ते पोचवायला म्हणून फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "ताई, ते 'नाही' खोडा. चार वर्षं झाली, कुठंही गेलो की आधी संडास कुठंय ते बघून ठेवतो." मी कागद भिंतीला टेकवून तिथेच उत्तरे बदलली. त्यानंतर जमेल तिथे माणसाला एकटे गाठूनच विचारू लागले, आणि 'हो' वाढले.

शब्दांचेही तसेच. 'पोटाचा काही आजार आहे का?' असे विचारले की उत्तर 'नाही'. 'छातीत जळजळतं का? दोन घासांत पोट गच्च होतं का?' म्हटले की तोच माणूस म्हणतो, "ते काय, रोजचंच आहे." रोजच्या त्रासाला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. पचनाच्या विकारांवर काम करणाऱ्या रोम फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा ३३ देशांतला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७३ हजारांहून जास्त प्रौढांना पचनसंस्थेच्या अशा तक्रारी विचारल्या, ज्यांत तपासण्यांत काही सापडत नाही पण त्रास खराच असतो. जिथे लोकांनी इंटरनेटवर स्वतः उत्तरे भरली, तिथे सुमारे ४० टक्के लोकांना असा एखादा तरी विकार निघाला. जिथे माझ्यासारखे कुणीतरी समोर बसून विचारत होते, तिथे सुमारे २१ टक्के. दोन्हीकडचे देश बहुतांशी वेगळे होते, त्यामुळे सगळा फरक संकोचाचा असे मी म्हणणार नाही. पण फाटकापाशी आलेले ते गृहस्थ मला त्या फरकात दिसतात. साथीच्या जुलाब-उलट्यांची गतही फार वेगळी नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात राष्ट्रीय नोंदीतल्या एका रुग्णामागे समाजात १४७ आजारी निघाले होते.

आता घरातले सांगते. माझा थोरला भाऊ गुडघ्यासाठी वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घ्यायचा आणि पोटात आग पडली की त्यावर पित्ताची गोळी. एका सकाळी शौच डांबरासारखे काळे आणि चिकट झाले, उठताना घेरी आली. अल्सरमधून रक्त जात होते. तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. अल्सरची दोन मोठी कारणे म्हणजे हा जंतू आणि वेदनाशामके. त्याच्याकडे दोन्ही होती. हा जंतू जगात कोट्यवधी प्रौढांच्या पोटात असतो, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. प्रतिजैविकांच्या पूर्ण कोर्सने तो बहुधा जातो, भावाचाही गेला. बरा झाल्यावर तो म्हणाला, "मलाही एकदा सर्वेक्षणवाल्यांनी विचारलं होतं. मी 'नाही' म्हणालो. पित्त म्हणजे काय आजार आहे?"

पुढच्या वेळी असा आकडा छापाल, तेव्हा त्याच्याशेजारी एक ओळ द्या: प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, आणि समोर बसून की एकांतात. आणि चौकटीत ठळक अक्षरांत हेही छापा, की काळे शौच, शौचातून रक्त, गिळताना घास अडकणे किंवा कारण नसताना वजन उतरणे, यांतले काहीही दिसले तर गोळीवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. भावाला काळ्या शौचाचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याने मला सांगितले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही मी खोदून विचारल्यावर.

आपली,
एक निवृत्त सर्वेक्षण कर्मचारी