तापाचा कितवा दिवस? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

सिंधुदुर्गात लावणी सुरू आहे आणि दिवसभर चिखलात उभे राहून आम्हा भातशेतकऱ्यांच्या पायांना चिखल्या झाल्या आहेत. धड कातडी हा शरीराचा पहिला बंदोबस्त; ती भेगाळली की उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू थेट रक्तात शिरतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाला ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले, रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला आणि पॅरासिटामॉल देऊन त्याला घरी पाठवले. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली. तो वाचला, पण मूत्रपिंडे सावरायला महिना गेला.

तपासणी खोटी नव्हती, ती वेळेआधी झाली होती. ती जंतूला शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधते. आणि नेमकी प्रतिपिंडे बनवू शकणाऱ्या मोजक्या बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) निवडल्या जाऊन, टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या मदतीने त्यांची संख्या वाढून, रक्तात आयजीएम (सर्वांत आधी बनणारे प्रतिपिंड) सापडण्याइतके होईपर्यंत तापाचे साधारण 5 ते 7 दिवस उलटलेले असतात. तोवर भार जंतू गिळणाऱ्या पेशींवर असतो, आणि लेप्टो त्यांनाही चकवतो: त्याच्या आवरणातले मेदशर्करायुक्त द्रव्य माणसाच्या टीएलआर-4 या ग्राहकाला (पेशीवरच्या, जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाला) ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांचा तोच ग्राहक मात्र ते ओळखतो. एकदा लेप्टो झाला की पुन्हा होत नाही, हा गावातला समजही धोक्याचा आहे, कारण या जंतूचे 250 हून अधिक उपप्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर बहुधा चालत नाही.

डॉक्टरांना हे ठाऊक नाही असे नाही; पण रांग मोठी असली की हातातल्या कागदावरचा शब्दच निर्णय ठरतो. म्हणून विनंती अशी, की चिखलात काम केलेल्या माणसाला पावसाळ्यात ताप आला तर रिपोर्टची वाट न पाहता, लेप्टोच्या संशयावरूनच उपचार सुरू करावेत, अशी लेखी सूचना कोकणातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला जावी. पहिल्या आठवड्यातले नमुने जंतूचा अंशच शोधणाऱ्या पीसीआर तपासणीसाठी पाठवण्याची सोय व्हावी. आणि प्रतिपिंडांच्या रिपोर्टवर ‘तापाचा कितवा दिवस’ असा एक रकाना छापावा, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या ‘निगेटिव्ह’खाली ‘आठवड्याने पुन्हा तपासावे’ असे लिहिता येईल.

आपला,
कुडाळ तालुक्यातील एक भातशेतकरी