विषय : बॅक्टेरियाची पावडर आणि आमची बोअर

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला बॅक्टेरियावरचा लेख वाचला. हेडिंग झकास होतं, जिवाणूच म्हणे आता पाण्यातलं विष फस्त करणार. त्या हेडिंगनं काय झालं बघा, सकाळी साडेसातला आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी पेपर घेऊन दारात हजर, "काका, तुम्ही उगंच खोडा घालत होता, हे वाचा." मागच्या महिन्यात टाय लावून एक पोरगा आलेला, पाकिटातली पावडर बोअरमध्ये टाका, केमिकल बिमिकल सगळं गायब. मी एवढंच विचारलं की बाबा यात जिवाणू कुठला आहे, तर म्हणाला, "सगळे आहेत सर." सगळे! बरं, आमच्या बोअरमध्ये केमिकल आहे का, असलं तर कुठलं, हे ना त्याला माहिती ना सेक्रेटरींना.

मला यातलं थोडं कळतं कारण उमेदीची अकरा वर्षं मी उद्यमनगरातल्या कारखान्यात ट्रायक्लोरोइथिलीन नावाच्या सॉल्व्हंटनं जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले धातूचे भाग, धुतलेत. ग्रीस काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. गोडसर वास, हात बुडवला की गार पडायचा आणि बोटं पांढरीफटक. बादलीत पाणी असलं तर रॉकेल वर तरंगतं, हे तसं नाही, हे गोळे गोळे होऊन तळाला जाऊन बसायचं. काळं झालेलं ट्रायक्लोरो संध्याकाळी शेडमागं ओतायचं, मालक सांगायचे आणि ओतायचो मी, खोटं कशाला बोलू. वाटायचं उडून गेलं. थोडं उडालंही असेल, उरलेलं आपल्या काळ्या दगडाच्या भेगांतनं खाली गेलं असणार, कारण ते पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड.

आता तुमचा लेख, त्यातलं विष म्हणजे हेच ट्रायक्लोरो आणि त्याची भावंडं. ट्रायक्लोरोत क्लोरीनचे अणू तीन, ड्रायक्लीनिंगला वापरतात त्या पर्क नावाच्या सॉल्व्हंटमध्ये चार. हे जिवाणू ते खात नाहीत हो, आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो तसे ते यावर घेतात, खाणं त्यांचं हायड्रोजन. आणि क्लोरीन निघतो एकेक करून. चार, तीन, दोन, एक. बरेच जिवाणू दोनावर येऊन हात टेकतात. एक उरला की तयार होतं व्हिनाइल क्लोराइड, ज्यानं माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे (ट्रायक्लोरो तरी कुठं सज्जन आहे म्हणा). तिथनं पुढं इथिलीनपर्यंत, म्हणजे केळी पिकवतात त्या वायूपर्यंत नेणारे जिवाणू अगदी मोजके. त्यातला नावाजलेला डीहॅलोकोकॉइड्स, तो १९९७ मध्ये जगापुढं आला, अमेरिकेतल्या इथाका गावच्या सांडपाण्याच्या गाळातनं. एवढी सगळी भानगड तुमच्या लेखात "टप्प्याटप्प्याने विघटन होते" या एका ओळीत उरकली. अहो, टप्पा मध्येच अडकला तर काय, तेच तर सांगायचं होतं!

त्यात या डीहॅलोकोकॉइड्सला ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. म्हणून परदेशात अशा जागी जमिनीखाली मोलॅसिस नाहीतर खाद्यतेल सोडतात, ते कुजवताना दुसरे जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि याला हायड्रोजन मिळतो. मोलॅसिस म्हणजे आपली कारखान्याची मळी! पंचगंगेत मळीचं पाणी आलं की मासे तडफडून वर येतात ते याच कारणानं, ऑक्सिजन संपतो. कोल्हापूरच्या पेपरात बॅक्टेरियावर अर्धं पान आणि मळीचं नावसुद्धा नाही, कमाल आहे. फोटो मात्र भलामोठा, परदेशी लॅब, निळे हातमोजे.

सेक्रेटरींना म्हटलं, पावडर राहू दे, आधी पाणी लॅबला द्या, व्हिनाइल क्लोराइडपर्यंत सगळं तपासून घ्या. म्हणाले, "काका, त्यापेक्षा पावडर स्वस्त पडते." चार पाकिटांची ऑर्डर गेलीय, तुमच्या लेखाची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लागलीय. तेवढं हे पत्र छापा, त्याच्या शेजारी मी स्वतः लावतो.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर

ता.क. रंकाळ्यावरचं माझं मागचं पत्र छापलंत त्याबद्दल आभार, पण आडनावातला काना खाल्ला होता. यावेळी नाव छापूच नका, शेडमागचं वाचून मालकांच्या मुलाचा फोन येईल.