डाव्या काचेतला फिल्टर आडवा आहे : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

दिनांक : 14 जुलै

विषय : मासेमारीसाठी घेतलेल्या दोन पोलराइज्ड (पाण्यावरची चमक अडवणाऱ्या) चष्म्यांतला दोष, आणि न सोडवताच बंद केलेली तक्रार

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं पाचवं बोलणं झालं. एकोणीस मिनिटं चाललं. फोन ठेवला आणि दहा मिनिटांत मोबाईलवर मेसेज आला : "तुमच्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे." कोणाचं समाधान झालं? माझं नाही. म्हणून हे पत्र.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या साईटवरून तीन चष्मे मागवले. एक चष्मा 2,499 रुपये, तिन्हीचे 7,497. पैसे आधी भरले. दोन ब्राऊन काचेचे, एक माझा आणि एक माझ्या काकाजींचा. तिसरा ग्रे काचेचा, चुलतभावासाठी. रंग डोळे मिटून निवडले नव्हते. भाऊ गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात जातो. तिथं पाणी उघडं, दिवसभर डोक्यावर ऊन, म्हणून त्याला ग्रे. काकाजी आणि मी गावच्या माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावात आणि बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, असतो. तिथं पाणी उथळ, हिरवट, काठाला कमळाची पानं आणि गवत. अशा पाण्यात ब्राऊन काचेतून तळ आणि मासा वेगवेगळे उठून दिसतात. तुमच्याही साईटवर हेच लिहिलं आहे. बाजूनं उजेड शिरू नये म्हणून फ्रेमही कानापर्यंत वळलेली घेतली. हे सांगतो कारण तुमच्या माणसानं आज मला विचारलं, "सर, आपने फॅशन के लिए लिया था ना?"

दोष काय आहे ते आता नीट सांगतो. चष्मा तुम्ही बनवता, तेव्हा तुम्हाला ते एका वाक्यात कळायला हवं. दोन्ही ब्राऊन चष्म्यांत उजव्या काचेचा फिल्टर बरोबर बसला आहे आणि डाव्या काचेचा आडवा बसला आहे.

पाण्यावरून उसळून डोळ्यात येणारा उजेड मुख्यतः आडवा कंप पावतो. फिल्टरनं तो आडवा उजेड अडवायचा आणि उभा तेवढा आत सोडायचा, याचेच आम्ही पैसे दिले. पुतण्या बारावी सायन्सला आहे, त्याच्या पुस्तकात ब्रूस्टरचा नियम आहे : एका ठरावीक कोनात पाण्यावरून उसळणारा उजेड पुरता आडवाच कंप पावतो. पाण्यासाठी तो कोन साधारण 53 अंश येतो. म्हणजे काठावर उभा माणूस चार-पाच हातांवरचं पाणी बघतो, तिथं चष्म्याचं काम सगळ्यात चोख व्हायला पाहिजे. माझ्या उजव्या डोळ्याला तिथं तळाची रेती दिसते, शेवाळ दिसतं, रोहूची पाठ दिसते. डाव्या डोळ्याला पत्र्यावर ऊन पडल्यासारखा लखलखाट. डोकं खांद्यावर आडवं केलं की उलटं होतं, डाव्याला दिसतं आणि उजवा दिपतो. काच साधीच काळी असती, तर डोकं आडवं करून काही फरक पडला नसता. फिल्टर आहे, पण आडवा आहे. चमक अडवायची सोडून तेवढी चमकच तो आत सोडतो.

दुकानात हिशोबाचा कॅल्क्युलेटर असतो, त्याच्या पडद्याचा उजेडही एकाच दिशेनं कंप पावतो, म्हणून त्यावरही पाहिलं. आकडे लावून ठेवले आणि समोर चष्मा धरून हळूहळू फिरवला. उजवी काच काळी ठार झाली, आकडे गेले, डावीतून आकडे स्वच्छ. उलट्या बाजूला फिरवला तर डावी काळी, उजवी स्वच्छ. भावाच्या ग्रे चष्म्यात दोन्ही काचा एकाच वेळी काळ्या होतात, आणि तसंच व्हायला पाहिजे. मग ग्रे चष्मा ब्राऊनच्या पुढे जसाच्या तसा धरला. उजवीपुढे उजवी, आरपार दिसतं. डावीपुढे डावी, अमावस्येची रात्र. याचे चार व्हिडिओ तुम्हाला 2 मे रोजी पाठवले आहेत. आजच्या माणसानं ते उघडलेसुद्धा नव्हते, त्यानंच सांगितलं.

मे महिन्यात एकदा बदलून चष्मे दिले, हे मान्य. जुने परत न्यायला तुमचा कुरिअरवाला गावात येत नाही, म्हणून मी पवनीला जाऊन पार्सल केलं, एक दिवस गेला. नवे आले. डब्यावर तोच लॉट नंबर, डाव्या काचेत तोच दोष. म्हणजे तो सगळा लॉटच बिघडलेला आहे, आणि तुम्ही त्याच ढिगातून दुसरे दोन उचलून पाठवले.

आता काकाजींचं. हे मी फोनवर तीनदा सांगितलं, इथं चौथ्यांदा सांगतो. काकाजींचं वय सत्तरच्या वर. जन्म डोंग्यात गेला. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांस वाढत चाललं आहे. डॉक्टर म्हणाले, उन्हानं आणि पाण्यावरच्या चमकेनं हे वाढतं, चांगला चष्मा लावत जा. म्हणून हा महागाचा चष्मा. त्यांनी तो लावला आणि काही बोलले नाहीत. आठ दिवस काही बोलले नाहीत. मग एक दिवस डोंगा जुन्या बाभळीच्या खुंटावर गेला. त्या खुंटाची जागा त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. जाळं फाटलं, डोंगा कलंडता कलंडता राहिला. घरी आले, दुपट्ट्याच्या टोकाला बांधलेला चष्मा सोडून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "मले वाटलं, माये डोळेच गेले."

दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसत होती. डोकं दुखायचं, पाणी हलल्यासारखं वाटायचं, खोली कळत नव्हती. आणि हा माणूस आठ दिवस मनातल्या मनात समजून होता की आपण आंधळे होत चाललो. सुनेला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. तुमच्या एका काचेमुळे.

हे सगळं ऐकून तुमच्या माणसानं आज जे उत्तर दिलं, ते त्याच्याच शब्दांत लिहितो. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल, पडताळून पाहा.

तो म्हणाला, "सर, दोनों ग्लास बराबर डार्क हैं ना? फिर पोलराइज्ड ही है." मी म्हटलं, काळेपणा वेगळा आणि पोलराइज्ड वेगळं, तुमच्याच डब्यात त्याचं कार्ड आहे. त्यावर, "आपका पानी गंदा होगा सर." मी म्हटलं, गढूळ पाण्यात कोणत्याच चष्म्यानं दिसत नाही, ते मला कळतं. पण त्याच पाण्यात उजव्या डोळ्याला दिसतं, डाव्याला दिसत नाही. पाणी काय एका डोळ्यापुरतं गढूळ आहे? थोडा वेळ टाईप करत राहिला. मग म्हणाला, "सर, थोडा गर्दन टेढ़ी करके देखिए." म्हणजे काकाजींनी मान खांद्यावर टाकून डोंगा चालवायचा! मी तरी शांत राहिलो. मी त्याला सांगितलं, आम्ही मासे धरणारे ढिवर आहोत, आमचं काम पाण्यात बघण्याचं आहे. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, आप लोग तो जाल डालते हैं ना? जाल डालने के लिए देखना क्यों पड़ता है?"

त्या मुलाला राग म्हणून नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. जाळं टाकायच्या आधी अर्धा तास फक्त बघणंच असतं. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर बारीक गोल उठतो, तो कुठं उठला आणि पुढचा कुठं उठेल हे बघावं लागतं. कतला वरच्या थरात असतो, मृगळ तळाशी, म्हणजे सावली किती खोल आहे हे बघावं लागतं. खुंट कुठं, बेशरमीच्या झुडपाची मुळं कुठं, हे नाही पाहिलं तर जाळं फाटतं, आणि नवं जाळं तुमच्या चष्म्याहून महाग आहे. आणि आत्ता, पावसाळ्यात, मरळीच्या पिलांचा लालसर पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि त्याच्या खाली नर-मादी राखण करतात. ती जोडी मारली तर दुसरे मासे सगळी पिल्लं खाऊन टाकतात. म्हणून पिलांवरची मरळ आम्ही मारत नाही. पण ती पिल्लं दिसली पाहिजेत ना! वरून चमक असली तर पुंजका दिसत नाही, गरी (गळ) टाकली जाते, मरळ लागते, आणि मग शेजारी पिल्लं सैरावैरा फिरताना दिसतात. गेल्या वर्षी माझ्या हातून हे झालं. चष्मा घ्यायचं तेव्हाच ठरवलं होतं.

तुमच्या जाहिरातीत बोटीतला माणूस पाण्यात बोट दाखवतो आणि खाली मासा दिसतो. तो चष्मा आम्हालाच विकला ना? मग आम्हाला बघायची गरज काय, हे आम्हालाच विचारायचं?

आणि एक भीती आहे, ती मला घरी तपासता येत नाही. चष्म्यावर यूव्ही 400 लिहिलं आहे, म्हणजे उन्हातले डोळ्याला घातक अतिनील (यूव्ही) किरण तो अडवतो असा दावा. पोलराइज्ड असणं आणि यूव्ही अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला माहीत आहे. काच नुसतीच काळी असून यूव्ही अडवत नसेल, तर काळोखानं बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात. ज्या लॉटमध्ये फिल्टरची दिशा कोणी तपासली नाही, त्याच लॉटचं यूव्ही कोणी तपासलं असेल यावर मी काकाजींच्या डोळ्याच्या बाबतीत कसा विश्वास ठेवू? त्या लॉटचा तपासणी अहवाल मला पाठवा. हे मी जूनमध्येही मागितलं होतं. तेव्हाही "निराकरण झाले" असाच मेसेज आला होता.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच : बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. दोन ब्राऊन चष्म्यांचे 4,998 रुपये परत करा, मला त्या लॉटचा तिसरा चष्मा नको. तो लॉट विक्रीतून काढा, कारण माझ्यासारखा कॅल्क्युलेटर घेऊन बसणारा गिऱ्हाईक दरवेळी मिळणार नाही, बाकीचे आपल्याच डोळ्यांना दोष देत बसतील. आणि कंपनीच्या कागदावर, मराठीत, काकाजींच्या नावानं लिहून द्या की दोष चष्म्यात होता, त्यांच्या डोळ्यांत नव्हता. माझं सांगणं त्यांना अजून पुरतं पटलेलं नाही. छापील कागद ते मानतील.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, 1915 वर, तक्रार नोंदवीन आणि भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. 2019 च्या कायद्यानं मी राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. बिल, व्हिडिओ, पवनीची कुरिअरची पावती आणि तुमचे "निराकरण झाले"चे दोन्ही मेसेज जपून ठेवले आहेत.

भावाचा ग्रे चष्मा उत्तम आहे, हेही लिहितो. तो लावून मी गोसीखुर्दला पाण्याखालची वठलेली झाडं फांदीन् फांदी पाहिली आहेत. तुम्हाला चांगला चष्मा बनवता येतो, म्हणूनच हे जास्त लागलं.

आपला ग्राहक,
(सही)
ता. पवनी, जि. भंडारा

सोबत : बिलाची प्रत, कुरिअरची पावती, दोन्ही डब्यांवरच्या लॉट नंबरचे फोटो

ता. क. : फोन करायचा असेल तर सकाळी अकरानंतर करा. त्याआधी आम्ही पाण्यावर असतो आणि मोबाईल घरी असतो. जूनमध्ये सकाळी सातला एक मिस्ड कॉल देऊन "ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही" असं लिहिलं होतं, तसं पुन्हा करू नका.