पाइपलाइनच्या मंजुरीवर सही करण्याआधी : पेट्रोलियममंत्र्यांना खुले पत्र

माननीय पेट्रोलियममंत्री,
सविनय नमस्कार.

तेलाच्या नव्या पाइपलाइनचा प्रस्ताव आपल्या टेबलावर येतो तेव्हा त्याला दोन जाडजूड अहवाल जोडलेले असतात. एक आर्थिक लाभाचा, दुसरा पर्यावरणावरच्या परिणामांचा. पहिल्यातले आकडे ठाम असतात : इतकी गुंतवणूक, इतके रोजगार, वाहतूक खर्चात इतकी बचत. दुसऱ्यात ‘शक्यता अत्यल्प’, ‘परिणाम मर्यादित’, ‘योग्य ती खबरदारी घेतल्यास’ अशी भाषा असते. साहजिकच पारडे एकीकडे झुकते. लाभ कोणाच्या पदरात आणि धोका कोणाच्या दारात, हे मात्र दोन्ही अहवालांत क्वचितच शेजारी शेजारी मांडलेले असते. मग जोखमीची किंमत कंपनीच्या हिशेबात येतच नाही, ती वाहिनीच्या वाटेवर राहणाऱ्यांच्या माथी बसते. ही किंमत मंजुरी देतानाच, लेखी अटींत आणि रोख रकमेत, कंपनीकडून घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

पाइपलाइनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आधीच सांगतो. तेल लागणार असेल तर ते कशातून तरी न्यावेच लागते. 6 जुलै 2013 च्या मध्यरात्री कॅनडातल्या क्युबेक प्रांतात उतारावर उभी करून ठेवलेली, चालक नसलेली तेलाची मालगाडी घरंगळत लाक-मेगाँटिक या गावात शिरली, रुळांवरून उतरली आणि पेटली. 47 माणसे गेली, गावाचा मधला भाग जळून गेला. रेल्वे आणि टँकरच्या तुलनेत जमिनीखालची वाहिनी माणसांच्या जिवाला कमी धोक्याची असते, टनामागे इंधनही कमी लागते आणि खर्चही. त्यामुळे सरसकट ‘पाइपलाइन नको’ म्हणणाऱ्यांनी पर्यायाचाही हिशेब द्यायला हवा. पण रेल्वेपेक्षा बरी म्हणून वाहिनी सुरक्षित ठरत नाही. मालगाडीत डब्यांइतकेच तेल असते. वाहिनीतून ते कोणी पंप बंद करेपर्यंत येत राहते.

पंप बंद करायला किती वेळ लागू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात घडले. 25 जुलै 2010 च्या संध्याकाळी मार्शल गावाजवळ एनब्रिज कंपनीची 30 इंची वाहिनी जवळपास दोन मीटर लांब उसवली. वाहिनी 1969 सालची. तिच्या बाहेरचे संरक्षक वेष्टन सुटले होते, त्याखाली ओल शिरून गंज आणि भेगा वाढत गेल्या होत्या. 2005 च्या तपासणीत त्या जागचा दोष नोंदवलाही गेला होता, दुरुस्ती झाली नव्हती. वाहिनी फुटताच दूर कॅनडातल्या नियंत्रण कक्षात इशारे वाजू लागले. तिथल्या लोकांनी अर्थ लावला की वाहिनीत कुठेतरी तेलाचा प्रवाह तुटून पोकळी झाली असावी. पोकळी भरून काढण्यासाठी त्यांनी दोनदा पंप पुन्हा सुरू केले. सांडलेल्या तेलातला फार मोठा भाग या दोन वेळांतच बाहेर पडला. इकडे गावातले लोक त्याच रात्री उग्र वास येतोय म्हणून आपत्कालीन क्रमांकावर फोन करत होते. अग्निशमन दलाची माणसे येऊन गेली, त्यांना काही सापडले नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास एका स्थानिक गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने कळवले, तेव्हा कुठे नियंत्रण कक्षाला खात्री पटली. मध्ये 17 तासांहून अधिक वेळ गेला होता. सुमारे 32 लाख लिटर तेल ओढ्यातून कालामाझू नदीत उतरले होते.

हे साधे कच्चे तेल नव्हते. वाळूमिश्रित साठ्यातून काढलेले डांबरासारखे दाट बिटुमेन पातळ करण्यासाठी त्यात हलकी द्रव्ये मिसळलेली होती. ही द्रव्ये हवेत उडाली, त्यांच्याबरोबर बेंझीन हे विषारी रसायनही पसरले आणि लोकांना मळमळ, डोकेदुखी सुरू झाली. मागे राहिलेले जड बिटुमेन गाळात मिसळून तळाशी बसू लागले. तेल पाण्यावर तरंगते हे गृहीत धरून बनवलेली सगळी साधने अपुरी पडली. नदीचा तळ उपसण्याचे काम 2014 पर्यंत चालू होते आणि एकूण खर्च 100 कोटी डॉलरच्या वर गेला.

या सगळ्यात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब वेगळी आहे. कंपनीचा स्वतःचाच नियम होता की दहा मिनिटांत इशाऱ्याचा उलगडा झाला नाही तर वाहिनी बंद करायची. नियम कागदावर होता आणि पाळीवरच्या माणसाने पंप चालू केला. थांबलेली वाहिनी म्हणजे तोट्याचे तास, हे नियंत्रण कक्षातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. संशय आल्यावर वाहिनी थांबवणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणतीही शिक्षा होणार नाही, आणि बाहेरच्या जाणकाराने पाहिल्याशिवाय ती पुन्हा सुरू होणार नाही, हे मंजुरीच्या अटीत लिहा. या अटीला खर्च फारसा नाही, आणि कालामाझूला बहुतेक तेल तिने अडवले असते.

कंपन्या आपल्याला सांगतील की आता संगणकीय यंत्रणा गळती लगेच पकडते. ही यंत्रणा कशी चालते, ते त्यांच्याकडून नीट समजावून घ्या. वाहिनीत एका टोकाने किती तेल शिरले आणि दुसऱ्या टोकाने किती निघाले, याचा ताळा मांडला जातो. तापमानानुसार तेल फुगते-आकसते, मीटरच्या अचूकतेलाही मर्यादा असते, म्हणून ताळ्यात थोडा फरक नेहमीच राहतो. साधारण एक टक्क्याच्या आतली गळती त्या फरकात लपून जाऊ शकते. रोज 5 लाख बॅरल नेणाऱ्या वाहिनीचा एक टक्का म्हणजे 5000 बॅरल, जवळजवळ 8 लाख लिटर, दररोज. अलास्कात मार्च 2006 मध्ये प्रुडो बे तेलक्षेत्रातल्या बीपी या ब्रिटिश तेलकंपनीच्या वाहिनीला गंजून जेमतेम पाव इंचाचे भोक पडले. किमान पाच दिवस तेल बर्फाखाली झिरपत राहिले, सुमारे 10 लाख लिटर. पत्ता लागला तो तिथून जाणाऱ्या कामगाराला वास आला म्हणून. वाहिनीच्या आतून फिरून भिंतीची जाडी मोजणारे यंत्र, ज्याला या धंद्यात ‘पिग’ म्हणतात, त्या वाहिनीतून 1998 नंतर सोडलेच नव्हते.

त्याच अलास्कात उलट उदाहरणही आहे. 1977 पासून चालू असलेली सुमारे 1287 किलोमीटरची ट्रान्स-अलास्का वाहिनी डेनाली भूगर्भीय भेग ओलांडते. भूवैज्ञानिकांचे ऐकून तिथे वाहिनी जमिनीवर, लांब पोलादी तुळयांवर घसरू शकेल अशी ठेवली गेली. नोव्हेंबर 2002 मध्ये 7.9 तीव्रतेचा भूकंप झाला, जमीन चार मीटरहून अधिक सरकली, वाहिनीही सरकली आणि तेलाचा थेंबही सांडला नाही. बांधताना जास्तीचा खर्च केला होता, त्याचे हे फळ. शिवाय खनिज उत्पन्नाचा किमान चौथा हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकायचा, अशी तरतूद अलास्काने 1976 मध्ये राज्यघटनेतच केली. वाहिनी चांगली होऊ शकते, तिचा लाभ लोकांपर्यंत पोचूही शकतो. त्यासाठी तेल वाहू लागण्याआधी कोणीतरी हट्ट धरावा लागतो.

रोजगाराबद्दल थोडक्यात. कॅनडातले तेल अमेरिकेत नेण्यासाठी आखलेल्या, पण पुढे रद्द झालेल्या किस्टोन एक्सएल वाहिनीविषयी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या 2014 च्या अहवालात बांधकामाच्या काळात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे 42,100 रोजगारांचा अंदाज होता. वाहिनी सुरू झाल्यानंतरच्या काळासाठीचा अंदाज होता 50. दोन्ही आकडे एकाच अहवालातले, पण भाषणांत कोणता आला असेल हे सांगायला नको. बांधकामाची माणसे एक-दोन वर्षांत निघून जातात, धोका पुढची चाळीस-पन्नास वर्षे तिथेच राहतो. पट्ट्यातल्या जमिनीवर घर बांधता येत नाही, खोल मुळांची झाडे लावता येत नाहीत. मोबदला मात्र एकदाच मिळतो.

आणि पन्नास वर्षे तरी तेल वाहील का? ट्रान्स-अलास्कातून 1988 मध्ये रोज 20 लाख बॅरल जात होते, आज 5 लाखही जात नाहीत. प्रवाह मंदावला की तेल वाटेत थंड होते, मेण साचते, गंज वाढतो. म्हणजे उत्पन्न घटते नेमके तेव्हाच देखभाल महागते. कॅनडा सरकारने 2018 मध्ये देशाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत तेल नेणारी ट्रान्स माउंटन वाहिनी 450 कोटी कॅनडियन डॉलरला विकत घेतली. विस्ताराचा आधीचा अंदाज 740 कोटींचा होता, मे 2024 मध्ये काम पुरे होईपर्यंत खर्च सुमारे 3400 कोटींवर पोचला. तिथल्या तेलाला आशियाची बाजारपेठ मिळाली, भावही सुधारला, हे खरे. पण खासगी कंपनीने झेपत नाही म्हणून सोडलेली जोखीम करदात्यांनी उचलली. असा प्रसंग आपल्यावर आला तर तो आर्थिक लाभाच्या अहवालात कोणत्या रकान्यात दाखवणार?

जिथे कोणीच हट्ट धरला नाही, तिथले चित्र संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2011 मध्ये नायजेरियातल्या तेलगळतीने दूषित झालेल्या ओगोनीलँड या भागाबद्दल मांडले. तिथल्या एका वस्तीत लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यात बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून अधिक निघाले. परिसर पूर्ववत व्हायला 25 ते 30 वर्षे लागतील, असा अंदाज होता. त्या वस्तीने तेलाच्या नफ्यातले काय पाहिले असेल, मंत्रिमहोदय? हा प्रश्न मला झोपू देत नाही.

म्हणून मागणे आहे ते असे. सर्वांत वाईट गळतीचा खर्च स्वतंत्र तज्ज्ञांकडून काढून घ्या आणि तेवढ्या रकमेची बँक हमी कंपनीकडून काम सुरू होण्याआधी घ्या. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी मोडणार नाही अशी ती असावी. वाहिनी शेवटी बंद करून जागा पूर्ववत करण्याचा निधी पहिल्या वर्षापासून बाजूला पडला पाहिजे. कॅनडात 2015 पासून कंपन्यांना तो ठेवावा लागतो, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. नदी जिथे ओलांडायची तिथे दोन्ही काठांवर दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह हवेत, आणि पिण्याच्या पाण्याचा उद्भव असेल तर मार्गच बदलावा, मग लांबी वाढली तरी चालेल. पिगच्या तपासणीचे निष्कर्ष आणि प्रत्येक दोषाच्या दुरुस्तीची मुदत जाहीर व्हावी. वाहिनीतून नेमके काय वाहणार आहे, ते तरंगते की बुडते, हे मार्गावरच्या अग्निशमन दलांना आधीच माहीत असावे.

या अटींनंतर प्रकल्प परवडत नाही असे कंपनी म्हणाली, तर तिच्या अहवालातला लाभ दुसऱ्यांच्या पैशांवर उभा होता एवढेच त्यातून सिद्ध होईल, आणि आपण सही करू नये. परवडत असेल तर अटींचा मसुदा मार्गावरच्या वस्त्यांपुढे त्यांच्या भाषेत ठेवा, हरकतींसाठी पुरेसा अवधी द्या आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळाल्यावरच फाइल पुढे सरकवा. सुनावणीची तारीख आपण कधी जाहीर करता, याच्या प्रतीक्षेत आहे.

कळावे,
एक नागरिक