वरळीच्या शूटिंग रेंजवरच्या काकांना, डोंबिवलीहून

काका, नमस्कार. त्या रविवारी मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि तुम्ही "आधी हात धुवा, शिसं आहे ते, मग वडापाव" म्हणून विषयच संपवलात, त्यामुळे राहून गेलं ते इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, रेंजवरच्या लोकांना बरोबर कळेल.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला रायफल शूटिंगमधे ब्राँझ घेतलं तेव्हा आमच्या लेकीचं एअर रायफल सुरू होऊन सहाच महिने झाले होते, त्यानंतर तर घरात दुसरा विषयच नाही. सेकंडहँड रायफल घेतली, जॅकेट घेतलं, माझी एक एफडी मोडली. वर्षभर स्कोअर छान चढला आणि मग ६१२ च्या आसपास (साठ शॉट, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) जो अडकला तो अडकलाच. दहा शॉट मस्त जायचे आणि मधेच एक ९.६, कारण काही नाही. ती म्हणायची "आई, तो शॉट मी चांगला सोडला होता गं". आणि मी काय म्हणायचे? मोबाईल कमी बघ, झोप पूर्ण कर, लक्ष कुठे असतं तुझं. चार महिने हेच ऐकवलं तिला. मला वाटलं आपण महागातली महाग पेलेटची, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांची, डबी आणतोय म्हणजे तो प्रश्न मिटला.

तुम्ही तिचे फक्त वीस-पंचवीस शॉट मागे उभं राहून बघितलेत आणि मला विचारलंत, "ताई, ह्या बॅरलला हे पेलेट चालतं का, कोणी तपासलंय?" मला प्रश्नच कळला नाही. ४.५ मिलिमीटरची रायफल, ४.५ चं पेलेट, त्यात तपासायचं काय!

पुढच्या रविवारी नेमका मेगाब्लॉक, रायफलची ती भलीमोठी केस घेऊन आम्ही दादरला पोचेपर्यंतच जीव अर्धा झाला, आणि तुम्ही मात्र आठ वाजल्यापासून लालबागहून बनवून आणलेला तो व्हाइस, म्हणजे रायफल घट्ट धरणारा शिकंजा, टेबलाला आवळून तयार. जबड्यांना आतून फेल्ट चिकटवलेलं. रायफल त्यात बसवलीत, म्हणजे आता माणसाचा हात नाही, श्वास नाही, जॅकेट नाही, फक्त बॅरल आणि पेलेट. पाच डब्या आणलेल्या, त्यांच्यावर कागद चिकटवून नुसतं अ ब क ड इ लिहिलेलं, कुठली कोणती ते आम्हाला सांगितलंच नाहीत.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मी घरी येऊन वहीत लिहिलंय. पेलेट मऊ शिशाचं, त्याचं डोकं बॅरलच्या आतल्या खाचांवर टेकून चालतं आणि मागचा घेर हवेच्या दाबाने फुगून बॅरल बंद करतो. डोकं जरा सैल असलं तर पेलेट डुगडुगतं, जास्त घट्ट असलं तर दबतं. म्हणून डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं, तो फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. आणि एकाच मॉडेलच्या दोन रायफलींची बॅरलंसुद्धा आतून अगदी सारखी नसतात. त्यात परत लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, वेगळा म्हणजे साचा वेगळा असू शकतो, त्यामुळे नाव तेच असलं तरी डबीमागचा लॉट नंबर बघायचा. मी आयुष्यात कधी डबी उलटी करून बघितली नव्हती.

प्रत्येक डबीचे आधी दहा शॉट वाया, बॅरलला नव्या पेलेटची सवय व्हायला, मग दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, दर ग्रुपला नवा कागद. मोजायचा व्हर्नियर माझ्या हातात दिलात. दहा शॉटच्या मिळून झालेल्या भोकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मिलिमीटरमधे मोजायचं, आकडा जितका लहान तितकं चांगलं. 'ब' चा पहिलाच ग्रुप ५.२ आला, मी नाचायलाच लागले, तर तुम्ही म्हणालात "एका ग्रुपवर लग्न ठरवू नका". दुसरा आला ६.९. 'ड' चे तिन्ही ५.५ ते ५.७ मधे. आणि 'अ', सगळ्यात वाईट, ७.४, तोही व्हाइसमधून! कागद सोलला तर आमचीच महागाची डबी. एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर, आता करा हिशोब, लेकीने काहीही चूक न करता किती जात होते ते.

मी लेकीकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत नव्हती, कागद बघत होती. घरी जाताना ट्रेनमधे मी तिला सॉरी म्हटलं. हे तुम्हाला माहीत नाही.

एक सांगते, त्या डबीचा दोष नाही हे तुम्ही तिथेच दाखवलंत. शेजारच्या लेनच्या मुलाच्या रायफलीत तेच पेलेट सुरेख चाललं, उरलेली डबी आम्ही त्यालाच देऊन टाकली. आणि मी जे सोनाराचा काटा मागून आणून रात्रभर पाचशे पेलेट वजन करत बसले होते, ०.५३ ग्रॅमचं एकेक, त्यावर तुम्ही हसलात ते बरोबरच होतं, पण नवऱ्यासमोर नको होतं हसायला!

पॉइंट टू टू चं, म्हणजे हवेवर नाही तर काडतुसावर चालणाऱ्या रायफलीचं, तुम्ही सांगितलंत तेही डोक्यात बसलंय. तिथे तर पन्नास मीटर, गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची, आवाजाच्या वेगाच्या जरा खालीच ठेवलेली, आणि बनवणाऱ्या कंपन्याच शूटरचं बॅरल क्लॅम्प करून लॉट तपासून देतात, जो जमला त्याच्या पेट्याच्या पेट्या उचलायच्या. लेक आत्ताच विचारतेय पॉइंट टू टू कधी. माझी आता एकच एफडी उरलीये.

तुम्ही म्हणाला होतात तीन-चार गुण वाढतील, जादू होणार नाही. गेल्या तीन मॅचमधे ६१५, ६१७, ६१६. पण ९.६ आला की ती आता म्हणते "ट्रिगर झटक्यात ओढला मी", आणि पुढचा शॉट घेते. आधी ती पाच मिनिटं रायफलकडेच बघत बसायची.

'ड' च्या त्याच लॉटच्या आठ डब्या घेतल्या होत्या, दोन उरल्यात. पावसाळ्यात पांढरी पूड धरू नये म्हणून तांदळाच्या डब्यात नाही हं, वेगळ्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल टाकून ठेवल्यात. त्या संपल्या की नवा लॉट, म्हणजे परत व्हाइस लागणार. मेगाब्लॉक नसेल तो रविवार बघून येतो, नारळाच्या वड्या आणतेय, हात धुऊनच खाऊ.

तुमची,
डोंबिवलीची ताई