नमुना वरच्या पाण्याचा, दाखला अख्ख्या विहिरीचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातले क्षार ‘मर्यादेत’ असल्याची बातमी काल तुमच्या अंकात वाचली. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. त्या यादीत आमच्या गावची विहीर आहे आणि तिचा नमुना घेतला तेव्हा मी काठावर उभा होतो.

दसऱ्यानंतरची गोष्ट. नमुना घ्यायला आलेल्या मुलाने शेजारच्या गोठ्यातली बादली मागितली, दोर बांधून विहिरीत सोडली आणि वरचंच पाणी काढून बाटली भरली. बादलीच्या तळाला ढेपेचा भुगा चिकटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी म्हटलं, “बाबू, आधी मोटर लावू, अर्धा-पाऊण तास उपसा होऊ दे, मग भर.” तो म्हणाला, “काका, पानी तं एकच हाये. वरचं काय न खालचं काय!”

खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या आमच्या भागात, पाणी एकच नसतं, संपादकसाहेब. पावसाचं मुरलेलं गोड पाणी हलकं, ते वर राहतं. खारं पाणी जड, ते खाली. दिवाळीपर्यंत पहिल्या चार बादल्या गोड लागतात, मोटर तासभर चालली की त्याच विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती असो, अकोला असो की बुलडाणा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि नेमका पावसाळा संपल्यावर, वरवरचा नमुना घेऊन अख्ख्या विहिरीला चांगलं म्हणायचं?

त्यात आमची ही निरीक्षण विहीर, म्हणजे पातळीची सरकारी नोंद ठेवायची विहीर. पाण्याची पातळी मोजायची तर विहीर निवांत हवी, उपसा नको, हे मान्य. पण पाणी कसं आहे हे तपासायचं असेल तर साचलेलं पाणी आधी काढून टाकावं लागतं. झऱ्याचं ताजं पाणी आत आलं की मग बाटली भरायची. पातळी मोजायची आणि त्याच दमात बाटली बुडवायची, अशाने दुसरं काम वाया जातं.

मी शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो, म्हणून ही कामं बारकाईने बघायची सवय आहे. वीसेक वर्षांपूर्वी याच विहिरीवर एक वयस्क कर्मचारी येत. मोटर चालू करायला लावत आणि क्षारांचं मीटर पाण्यात धरून आकडा हलायचा थांबेपर्यंत उभे राहत. बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळत, काठोकाठ भरत, बूच लावून उलटी धरत आणि आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरत. जंतूंच्या तपासणीची लहान बाटली वेगळी. ती निर्जंतुक करून आणलेली असल्याने खंगाळायची नाही आणि वर थोडी रिकामी ठेवायची. दोन्ही बाटल्या बर्फाच्या डब्यात जात. या मुलाने दोन्ही सारख्याच खंगाळल्या, सारख्याच भरल्या आणि डिक्कीत टाकल्या. चिठ्ठी त्याने नंतर स्टँडवरच्या चहाच्या टपरीत लिहिली. मुलाला दोष देत नाही. दिवसाला किती गावं करायची ते त्याला वरून ठरवून मिळतं, आणि शिकवलं कुणी?

माझा जीव यात का अडकलाय ते सांगतो. माझ्या मोठ्या भावाचं आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस असतं. सुरुवातीला डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता, रिपोर्ट आणा. मी ग्रामपंचायतीतून याच विहिरीच्या आधीच्या रिपोर्टची प्रत नेली. क्षार मर्यादेत. डॉक्टर म्हणाले, मग पाणी ठीक आहे. इकडे वहिनी दर आठवड्याला पाणी तापवायच्या पातेल्यातून चमच्याने पांढरी खपली खरवडून काढत होती. सात महिन्यांनी मीच पाऊण तास मोटर चालवून पाणी भरलं आणि पदरच्या पैशाने तपासून आणलं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतात. आमचं पाणी २००० च्याही वर निघालं. भावाचा आजार पाण्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, ते ठरवणारा मी कोण? पण त्या कागदावर विश्वास ठेवून तो सात महिने तेच पाणी पीत राहिला, हे मला विसरता येत नाही.

नळाचं पाणी प्या, असं कुणी सांगू नये. ते आठ-दहा दिवसांनी येतं. त्या नळासाठी आमची पांदण खोदली, तो चर दोन वर्षांत बुजवलेला नाही. हरभऱ्याच्या पेरणीला जाताना गेल्या आठवड्यात एका शेजाऱ्याचा बैल त्यात पडून लंगडा झाला. याचीही बातमी घ्यावी.

अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा नमुना कोणत्या महिन्यात घेतला, किती खोलीवरून घेतला, उपसा केला होता की नाही, एवढं तरी विचारून छापा, ही हात जोडून विनंती. पुढचा नमुना मे महिन्यात होईल. मोटर माझी, बिल माझं. फक्त आदल्या दिवशी निरोप द्या, म्हणजे विजेची लाइन दिवसा आहे की रात्री ते मी कळवीन.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती